नवाचा पाढा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या जवळजवळ मध्यावर नेब्रास्का नावाचे जे संस्थान आहे, तेथे मका, गुरेढोरे आणि क्षितिज या तीन वस्तूंची पैदास इतकी अमाप आहे की, पहिल्या दोन बाहेर पाठवून पैसा तरी करता येतो, तिसरीचे काय करावे हे मात्र तेथील रहिवाशांना अद्याप सुचलेले नाही. समुद्र तेथून चारी दिशांना सारखाच दुर्लभ, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, आणि व्यावसायिक खेळाडूंचा नाव घेण्यासारखा मोठा संघही नाही. अशा परिस्थितीत सुमारे वीस लक्ष माणसांनी आपला अभिमान ठेवावा तरी कोठे, या प्रश्नाचा निकाल लिंकन या राजधानीच्या गावातील विद्यापीठाने फार पूर्वीच लावून टाकला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ हे त्या संस्थानचे निशाण, कुलदैवत आणि हवामानाखालोखाल बोलण्याचा विषय आहे. शरद ऋतूतील ज्या शनिवारी त्याचा सामना घरच्या मैदानावर असतो, त्या शनिवारी मेमोरियल स्टेडियममध्ये पंचाऐंशी हजारांच्या आसपास माणसे लाल वस्त्रे परिधान करून बसतात आणि तेवढ्या प्रहरापुरते ते मैदान ओमाहा व लिंकन यांच्या खालोखाल संस्थानातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर ठरते. नोव्हेंबर 1962 पासून तेथील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली, अशी अधिकृत नोंद आहे. या अवधीत माणूस चंद्रावर जाऊन परत आला, अनेक राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, परंतु लिंकनच्या तिकीटखिडकीवर ‘जागा शिल्लक आहे’ अशी पाटी लावण्याचा प्रसंग आला नाही. अलीकडे तो येऊ घातला, तेव्हा काही धनिक हितचिंतकांनी तिकिटांचे पैसे भरून ती गरीब घरच्या मुलांना वाटली, म्हणजे नोंदही अबाधित राहिली आणि दानाचे पुण्यही पदरात पडले.

माझे वास्तव्य ओमाहास, लेक आणि जावई यांच्याकडे. आमची नात लिंकनच्या विद्यापीठात शिकते, आणि त्या नात्याने आमचे घराणे या संघाच्या सुखदुःखात वतनदार झालेले आहे. माझी हयात जमाखर्चाच्या वह्यांत गेल्यामुळे खेळापेक्षा त्याच्या ताळेबंदाकडे माझे लक्ष अधिक जाते, हा दोष मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. परंतु 2021 सालच्या हंगामाचा ताळेबंद असा काही विलक्षण आहे की, एखाद्या नामांकित हिशेबतपासनिसाने तो पाहिला असता, तर चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज मांडायला घेतली असती.

हे नीट समजण्यासाठी आधी नऊ या आकड्याचे माहात्म्य समजले पाहिजे. 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षे टॉम ऑस्बर्न नावाचे एक मितभाषी गृहस्थ या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या नावावर 255 विजय, 49 पराभव आणि 3 बरोबरीचे सामने जमा आहेत. राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी 1994, 1995 आणि 1997 असे तीन वेळा आणले, आणि त्यापूर्वी 1970 व 1971 मध्ये ते आणणाऱ्या बॉब डेव्हनी यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केलेली होती. परंतु या सर्वांहून घातक गोष्ट पुढेच आहे: त्या पंचवीस हंगामांपैकी एकाही हंगामात त्यांनी नवाच्या खाली विजय घेतले नाहीत. पाऊस कमी पडो वा अधिक, मक्याला भाव मिळो वा न मिळो, शेतकऱ्याच्या पदरात नऊ विजय पडत असत. पंचवीस वर्षे ज्याला नेमाने तेवढेच धान्य मिळाले, तो त्याला दान समजत नाही, हक्क समजतो. पुढे हेच ऑस्बर्न अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. 2006 मध्ये मात्र गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणुकीस उभे राहिले आणि पडले. त्यावरून राजकारण आणि फुटबॉल यांतला भेद नेब्रास्काच्या मतदाराला कळतो असे कोणी म्हणेल. मी एवढेच म्हणेन की, त्यांनी मैदान सोडल्याला तेव्हा नववे वर्ष चालू होते.

ऑस्बर्न गेल्यानंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच गादीवर आले. 2003 च्या हंगामात त्यांनी बारा सामन्यांपैकी नऊ जिंकले आणि तीन गमावले. त्यांना बडतर्फ करण्यात आले. नंतर मधल्या एका कारकिर्दीचे दुर्दिन भोगून झाल्यावर बो पेलिनी नावाचे तापट गृहस्थ आले. त्यांनी सात वर्षांत दरवर्षी नऊ किंवा दहा विजय मिळवले, आणि 2014 मध्ये नऊ जिंकून तीन हरल्यावर त्यांनाही नारळ देण्यात आला. एकाच कलमाखाली, एकाच आकड्यासाठी, दोन माणसांना घरी पाठवल्याचे असे उदाहरण आमच्या महसूल खात्यातही सापडणे कठीण. गुन्ह्याचे स्वरूप विचारावे, तर आरोपपत्रात एवढेच लिहावे लागले असते की, इसम नामे अमुक याने नऊ सामने जिंकले असून दहावा आणि अकरावा जिंकण्यात कसूर केली. पेलिनींच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाने तिसऱ्या वर्षी चार जिंकून आठ गमावले, तेव्हा काही सुज्ञांना नवाची आठवण व्याकुळ करू लागली. परंतु सुज्ञांचे ऐकण्याची पद्धत कोणत्याच संस्थानात नाही.

आणि मग 2017 च्या डिसेंबरात वनवासातून राजपुत्र परतावा तसे स्कॉट फ्रॉस्ट परतले. वूड रिव्हर या नेब्रास्काच्याच खेड्यातला हा मुलगा, 1997 च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डावाचा सूत्रधार. आणि 2017 च्या हंगामात फ्लॉरिडातल्या एका विद्यापीठाला एकही सामना न हरता तेरा विजय मिळवून देणारा प्रशिक्षक. अशा माणसाचे स्वागत करताना कोणी अटी घालत नाही. त्याच्या 1997 च्या पराक्रमात एक प्रसंग असा आहे की, तो माहीत नसलेले मूल नेब्रास्कात शाळेत घेत नसावेत. मिझुरीविरुद्धच्या सामन्यात, अखेरचे क्षण उरले असताना, फ्रॉस्टने फेकलेला चेंडू एका सहकाऱ्याच्या हातून निसटला, जमिनीवर पडता पडता त्याच सहकाऱ्याच्या पायाला लागून पुन्हा वर उडाला आणि दुसऱ्याच एका सहकाऱ्याने पालथे झेपावून तो जमिनीपासून वीतभर अंतरावर झेलला. हरलेला सामना बरोबरीत आला, जादा वेळात जिंकला गेला आणि अजिंक्यपदाची वाट मोकळी झाली. तारीख होती 8 नोव्हेंबर 1997. वाचकांनी ती लक्षात ठेवावी. दैवाच्या कचेरीतून उचललेली रक्कम तेथील कारकून कधी विसरत नाहीत, आणि वसुलीची तारीखही ते विचारपूर्वक नेमतात.

फ्रॉस्ट यांचे पहिले तीन हंगाम चार विजय, पाच विजय आणि, साथीमुळे आखडलेल्या वर्षात, तीन विजय असे गेले. जनता म्हणाली, रोप लावल्याबरोबर कणीस मागू नये. 2021 हे चौथे वर्ष.

येथे खेळाची थोडी तोंडओळख करून देणे प्राप्त आहे. आमच्या नातीने ती मला जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून करून दिली. लंबगोल चेंडू हाती घेऊन दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला चार संधी मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार संधी, आणि तीन संधींत काम झाले नाही, तर चौथ्या वेळी बहुधा चेंडू लाथेने दूर पलीकडे उडवून द्यायचा, त्याला पंट म्हणतात. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवला की टचडाउन, त्याचे सहा गुण, त्यानंतरच्या औपचारिक लाथेचा एक, दुरून खांबांमध्ये चेंडू उडवला तर तीन; आणि स्वतःच्याच हद्दीच्या अगदी शेवटच्या पट्ट्यात सापडून स्वतःच अडकून बसलात, तर प्रतिपक्षाला दोन गुणांचे दान, त्याला मात्र ‘सेफ्टी’ असे मोठे दिलासादायक नाव आहे. घड्याळाने साठ मिनिटे चालणारा सामना प्रत्यक्षात साडेतीन तास चालतो, यात मला नवल वाटले नाही; सरकारी कामाची सवय होती. “पण एक लक्षात ठेवा, आजोबा,” मिठाची बाटली परत जागेवर ठेवत नात म्हणाली, “आपल्या टीमची मॅच बघायची नसते, सोसायची असते.”

हंगामाचा पहिलाच सामना 28 ऑगस्टला इलिनॉयविरुद्ध त्यांच्या गावी झाला. प्रतिपक्षाने पंट केलेला चेंडू आपल्या हद्दीच्या टोकाशी येत होता. तो तसाच जाऊ दिला असता, तर काही बिघडत नव्हते. आमच्या खेळाडूने तो झेलला, झेलल्यावर मागे सरकला, मागे सरकल्यावर शेवटच्या पट्ट्यात शिरला, आणि आपण कोठे उभे आहोत हे उमगताच हातातले पेटते कोलीत टाकावे तसा चेंडू टाकून दिला. सेफ्टी. हंगामाच्या जमाखर्चातील पहिली नोंद ही अशी प्रतिपक्षाच्या नावे दोन गुणांची पडली. (या खेळाडूंची नावे मी मुद्दाम घेत नाही. ती विशी-बाविशीची मुले आहेत, विद्यार्थी आहेत. लाखो रुपयांच्या चुका करण्याचा अधिकार खरे तर पगारदारांचा असतो.) सामना 30-22 असा हरला. त्यानंतर फोर्डमला 52-7 असे हरवून संघाने आमची आशा पूर्ववत केली.

सप्टेंबरचा दुसरा शनिवार म्हणजे गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बफेलोवर 28-3 असा विजय मिळाला, आणि ओमाहातील मराठी मंडळींत त्याचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल मतभेद झाला नाही. पुढचा सामना विसर्जनाच्या आदल्या दिवशी, ओक्लाहोमाच्या मैदानावर, आणि सकाळी अकरा वाजता. ओक्लाहोमा हे जुने वैर. पन्नास वर्षांपूर्वी, 1971 मध्ये, याच दोन संघांत झालेला सामना अजूनही शतकातील सर्वश्रेष्ठ म्हणून सांगितला जातो, आणि तो नेब्रास्काने 35-31 असा जिंकला होता. आमच्या घरी दुपारची आरती मध्यंतराला लावून घेण्यात आली. लाल झेंडूऐवजी लाल टोप्या घातलेली मंडळी ‘घालीन लोटांगण’ म्हणत असताना एक डोळा टीव्हीकडे ठेवून होती, आणि बाप्पांनीही तो ठेवला असावा, कारण मध्यंतरानंतर जे घडले ते पाहून त्यांनी हात आखडता घेतला. टचडाउननंतरची ती एका गुणाची औपचारिक लाथ प्रतिपक्षाने अडवली, चेंडू उचलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत नेऊन स्वतःच दोन गुण वसूल केले. घेणे एकाचे होते, देणे दोनांचे झाले. सामना 23-16 असा गेला, म्हणजे सातांनी.

तिसऱ्या पराभवापुढे मात्र आधीच्या दोन्ही गोष्टी बाळबोध वाटाव्यात. मिशिगन स्टेटच्या मैदानावर उत्तरार्धात आमच्या बचावफळीने प्रतिपक्षाला एकदाही दहा यार्ड पूर्ण करू दिले नाहीत. ज्यांनी हा खेळ जन्मभर पाहिला आहे, त्यांच्या मते असे झाल्यावर सामना हरणे जवळजवळ अशक्य असते. परंतु सामना संपायला चार मिनिटेही उरलेली नसताना आमच्या संघाने पंट करायचे ठरवले, आणि पाठलाग करणारे सर्व खेळाडू एका बाजूला धावले असता चेंडू मात्र दुसऱ्या बाजूला उडवला. आखून दिलेल्या योजनेप्रमाणे सर्वांनी काम केले. फक्त योजना दोन होत्या. प्रतिपक्षाचा एकच खेळाडू त्या निर्मनुष्य प्रदेशात चेंडू घेऊन उभा होता. त्याला अडवण्यास कोणीच नसल्यामुळे तो 62 यार्ड धावला, टचडाउन केला, बरोबरी झाली आणि जादा वेळात आम्ही 23-20 असे हरलो. शेजारचे म्हातारबुवा त्या वेळी आपल्या गॅरेजात होते. शेती विकून शहरात मुलाजवळ राहायला आलेले हे गृहस्थ टीव्हीचा आवाज बंद ठेवतात आणि रेडिओवरचे समालोचन लावतात, कारण टीव्हीवरच्या माणसांना नेब्रास्काविषयी आपुलकी नाही असे त्यांचे मत. भिंतीवर पशुखाद्याच्या दुकानाचे कॅलेंडर टांगलेले असते आणि दर शनिवारी त्या तारखेच्या चौकोनात ते शिसपेन्सिलीने एक आकडा लिहितात. गुणफलक नव्हे, किती गुणांनी हरलो तेवढाच. ऑगस्टच्या शेवटी 8, मग 7, आणि त्या दिवशी त्यांनी 3 लिहिला, पेन्सिल कानावर ठेवली आणि समाधानाने म्हणाले, “जवळ येतो आहोत.”

हीच त्या हंगामाची खरी गोष्ट. संघ हरत होता, पण थोडक्यात. आणि थोडक्यात हरणाऱ्यावर कोणी रागावू शकत नाही, त्याची कीव येते, आणि त्याला पुढची संधी देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वीस-पंचवीस गुणांनी हरणारा संघ लोक सोडून देतात, दुसरा छंद शोधतात, शनिवारी दुपारी गवत कापतात. परंतु सात, तीन, पाच गुणांनी हरणारा संघ माणसाला सोडत नाही. ‘जर तो चेंडू त्या बाजूला गेला असता तर’ आणि ‘जर ती लाथ अडली नसती तर’ या वाक्यांची उजळणी करीत तो पुढल्या शनिवारपर्यंत जिवंत राहतो. आपल्याकडे आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते, एवढ्यावर हा विषय आपण संपवतो; पण पानिपताची गोष्ट निघाली की आपणही तीन तास उठत नाही, हे लक्षात घेता नेब्रास्काकरांना हसण्याचा अधिकार मराठी माणसाला फारसा नाही.

नॉर्थवेस्टर्नला 56-7 असे धूळ चारून ऑक्टोबर उगवला आणि लगेच मिशिगन आले, त्या वर्षीचा मातब्बर संघ, लिंकनच्या मैदानावर, रात्रीच्या प्रकाशात. बरोबरी 29-29. पावणेदोन मिनिटे उरलेली, चेंडू आमच्याकडे, क्वार्टरबॅक स्वतः धावतो आहे, हवे तेवढे अंतर जवळजवळ पुरे झाले आहे, आणि त्याच्या कवेतून एका मिशिगनवाल्याने चेंडू हिसकावून घेतला. 39 यार्डांवरून एक लाथ, 32-29. चौकोनात पुन्हा 3. मिनेसोटा, 7, त्यातही एक सेफ्टी. पर्ड्यू, 5, आणि त्या दिवशी आमच्या क्वार्टरबॅकने चार वेळा चेंडू प्रतिपक्षाच्याच हाती अचूक पोहोचवला. मग ओहायो स्टेट, देशातील बलाढ्य संघांपैकी एक, 26-17, म्हणजे नऊ. हंगामातील सर्वांत मोठा पराभव तो हाच. बाकी सगळे त्याहून लहान.

हा सामना 6 नोव्हेंबरला झाला. आतापर्यंत दहापैकी सात गमावलेले. त्या दोन दिवसांत सगळे संस्थान कचेरीच्या दारात बसून होते. विद्यापीठाचे त्या वेळचे नवे क्रीडासंचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स हे स्वतः एके काळी याच संघाचे नामांकित खेळाडू. ज्या गादीवरून नऊ जिंकल्याबद्दल काढतात तिच्यावर बसलेल्या आणि सात हरलेल्या माणसाचे ते काय करतात, हे पाहण्यास लोक आतुर होते. सोमवारी हुकूम निघाला. फ्रॉस्ट यांस आणखी एक वर्ष. वार्षिक पगार पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाखांवर. हाताखालचे आक्रमणविभागाचे चार सहायक प्रशिक्षक तत्काळ बडतर्फ. साहेबांच्या चुकीबद्दल शिपायाची बदली करण्याची पद्धत सार्वत्रिक आहे हे पाहून माझ्यासारख्या जुन्या माणसाला परदेशात घरच्यासारखे वाटले. त्या सोमवारची तारीख होती 8 नोव्हेंबर 2021. मिझुरीविरुद्ध तो चेंडू पायाला लागून उडाल्याला त्या दिवशी बरोबर चोवीस वर्षे झाली. जनतेने ही जुळणी फारशी लक्षात घेतल्याचे दिसले नाही, परंतु दैवाच्या कचेरीतील कारकुनाने पहिला हप्ता वसूल करून पावती फाडली, एवढे निश्चित.

उरलेले दोन सामने हंगामाच्या स्वभावाला धरूनच झाले. विस्कॉन्सिनविरुद्ध सामन्याच्या पहिल्याच लाथेचा चेंडू त्यांच्या खेळाडूने 91 यार्ड पळवून टचडाउन केला, लोक अजून आपल्या खुर्च्या शोधत असताना, 35-28, सात. शेवटचा सामना आयोवाशी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शेजारच्या संस्थानाशी असलेल्या भाऊबंदकीचा. आमचे म्हातारबुवा त्या दिवशी सर्वांना चिली, म्हणजे मांस आणि राजम्याची तिखट आमटी, आणि तिच्याबरोबर दालचिनी घातलेला, वर साखरेचा जाड थर असलेला गोड पाव वाढतात. ही जोडी नेब्रास्कातील शाळांच्या जेवणातून आलेली असून तेथील लोकांना ती अत्यंत नैसर्गिक वाटते. मी शाकाहारी असल्याने मला नुसत्या राजम्याची करून दिली. मिसळीत बालुशाही बुडवून खाल्ल्यासारखे पहिल्या घासाला वाटले. तिसऱ्या घासाला मी आणखी एक पाव मागून घेतला. तिसऱ्या सत्रात आम्ही 21-6 असे पुढे होतो. कॅलेंडरचा चौकोन रिकामा होता आणि म्हातारबुवांनी पेन्सिल खिशात ठेवली होती. मग आमची एक पंट अडवली गेली आणि तिचा थेट टचडाउन झाला, पुढे सेफ्टी, जिच्यामुळे बरोबरी झाली, पुढे आणखी एक टचडाउन, 28-21. ऑगस्टमध्ये जे दोन गुण दान करून हंगामाचा मुहूर्त केला होता, तेच दान करून नोव्हेंबरात त्याची सांगता झाली. म्हातारबुवांनी पेन्सिल काढली आणि 7 लिहिला.

रात्री मी वही घेतली. बारा सामने; जिंकले तीन, हरले नऊ. मिळवलेले गुण 335. दिलेले गुण 272. शिल्लक 63. मी बेरीज पुन्हा केली, नातीनेही तिच्या यंत्रावर केली, शिल्लक 63. ज्या संघाने वर्षभरात प्रतिपक्षांपेक्षा 63 गुण अधिक मिळवले, तो बारापैकी नऊ सामने हरला, आणि त्या नऊही सामन्यांतील एकूण तूट अवघी 56. एखादी पेढी वर्षाकाठी नफ्यात असूनही दर महिन्याच्या अखेरीस दिवाळखोर निघावी, तसा हा प्रकार. नऊ साती त्रेसष्ट. नऊ जिंकणाऱ्या दोघांना घरी पाठवणाऱ्या संस्थानाला नऊ हरणारा माणूस लाभला, आणि त्याला मुदतवाढ मिळाली. नवाच्या पाढ्यातल्या कोणत्याही आकड्याचे अंक मिळवा, फिरून नऊच येतात. 63 चेही येतात.

पुढचे वर्ष संघाने आयर्लंडमध्ये सुरू केले. डब्लिनच्या मैदानावर त्या दिवशी पैसे घेण्याची यंत्रणा बंद पडल्यामुळे प्रेक्षकांना बिअर फुकट मिळाली, एवढी एकच गोष्ट नेब्रास्काच्या भक्तांना अनुकूल घडली. 28-17 असे पुढे असताना आपल्या लाथेचा चेंडू मुद्दाम थोडक्यातच सरकवून तो आपणच पुन्हा पकडण्याची हिकमत फ्रॉस्ट यांनी केली. तो नॉर्थवेस्टर्नने पकडला आणि सामना 31-28 असा नेला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, मानधन देऊन पाहुणा म्हणून बोलावलेल्या जॉर्जिया सदर्नने आमच्याच घरी येऊन 45-42 असे हरवले. घरच्या मैदानावर पस्तीस किंवा अधिक गुण मिळवून नेब्रास्का त्यापूर्वी कधीही हरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी, 11 सप्टेंबर 2022 रोजी, फ्रॉस्ट यांना कमी करण्यात आले. करारान्वये त्यांना दीड कोटी डॉलर द्यावे लागले. 1 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे वीस दिवस, थांबले असते, तर ती रक्कम निम्मी झाली असती. एवढी वर्षे वही सांभाळून मला त्या रात्री झोप आली नाही, आणि ते माझे पैसेही नव्हते.

त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये, 2023 साली, विद्यापीठाने त्याच मेमोरियल स्टेडियममध्ये महिलांचा व्हॉलीबॉलचा सामना भरवला. 92,003 प्रेक्षक आले. फुटबॉलच्या त्या देवळात इतकी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. मुलींनी तीनही डाव सरळ जिंकले, आणि परतीच्या वाटेवर आमच्या नातीने मला विचारले की, आजोबा, हिशेबात घ्यायची असेल तर हीच टीम घ्यावी, नाही का. मी म्हणालो, हिला हिशेबाची गरज नाही; जिंकणाऱ्याची वही कोणी उघडून बघत नाही.

फुटबॉल संघाला पुढे मॅट रूल नावाचे नवे प्रशिक्षक मिळाले. त्यांनी पहिल्या वर्षी पाच सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी, 2024 च्या अखेरीस, न्यूयॉर्कमध्ये हंगामानंतरच्या एका सामन्यात बॉस्टन कॉलेजला 20-15 असे हरवून हंगामाचे एकूण सात विजय पुरे झाले. 2015 नंतरचा तशा प्रकारचा तो पहिला विजय होता. ज्या संस्थानाने नऊ विजयांसाठी दोन माणसांना बडतर्फ केले होते, त्याने त्या दिवशी सातांवर जल्लोष केला.